नाव टाकलेली भांडी

१

मंगळवारी सकाळी बीडला गेलेली विमलबाई दुपारी पालीला परत आली. दाराचं कुलूप काढलं, एक पाय आत टाकला आणि दुसरा उंबऱ्याबाहेरच राहिला.

मांडणी बोडकी झाली होती.

सगळी न्हाई, पण वरची फळी साफ, मधली निम्मी, आणि माळ्यावरचं ते एवढं मोठं घंगाळ, ज्यात दोन लेकरं आंघोळ करतील, ते पण न्हाई. तिनं आधी उशीच्या अभ्र्यात हात घातला. कानातली फुलं होती, डोरल्याच्या दोन वाट्या होत्या. गॅसची टाकी जागेवर, मिक्सर जागेवर. चोर आला, सोनं सोडलं, टाकी सोडली आणि स्टीलची भांडी घेऊन गेला. असला येडा चोर तिनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

कुलूप तर शाबूत. त्याच्या दोन चाव्या. एक तिच्या कमरेला, दुसरी पुढच्या घरात खिळ्याला टांगलेली.

पुढचं घर म्हणजे तिच्याच नवऱ्याचं. आता नवरा म्हणायचं न्हाई, पण तोंडाला सवय. तीस वर्षं संसार करून रामकिसननं मागच्या साली कोर्टातून फारकत घेतली. त्यानं तलवाड्याला दुसरं घर केलं होतं, गावाला माहीत होतं, कोर्टाला न्हाई. पोटगीचं आणि घराचं लटकलेलं, तोवर विमलबाईनं जायचं कुठं? तिचं माहेर धारूरकडं, तिथल्या भावांनी स्पष्टच सांगितलं होतं, दिवाळीला आठ दिवस ये, लई बरं वाटंल. मग रामकिसननं घराच्या मधोमध पत्रा मारला. पुढं चार खोल्या, त्यात तो, पोरगा सुरज आणि सून वैष्णवी. मागं दोन खोल्या, त्यात विमलबाई. तिला जायला-यायला गोठ्यातनं वाट. पलीकडं कुणी शिंकलं तरी इकडं ऐकू यायचं, आणि अकरा महिन्यांत पलीकडून तिला कुणी साधं जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं.

शुक्रवारी कोर्टाची तारीख होती. बहुतेक शेवटची.

ती खाली बसली. मग तिला दिसलं की तुरीच्या डाळीचा डबा गेलाय, पण डाळ हाय. जुन्या जर्मनच्या पातेल्यात ओतलेली, वर ताट झाकलेलं. दही पण तसंच. गडू गेलेला, दही वाडग्यात काढून ठेवलेलं, मांजर तोंड घालू नये म्हणून वर पाटा.

चोरानं एक दाणा सांडू दिला नव्हता.

२

चोरीचं कळलं तशी बुधवारी सकाळी स्वप्नाली स्कूटीवर आली. ही विमलबाईची वकील, सत्तावीस वर्षांची पोर, फुकटात केस लढायला सरकारकडून मिळालेली. विमलबाईला आधी वाटलं होतं, फुकटचं म्हणजे कच्चंच असणार. पण पोरगी गप्प बसून ऐकायची, आणि असं ऐकणारं माणूस विमलबाईला लई दिवसात भेटलं नव्हतं.

स्वप्नाली आधी मागं आलीच न्हाई. ती सरळ पुढच्या घरात गेली. विमलबाई पत्र्याला कान लावून बसली. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं, त्यातनं अंगणाचा एक तुकडा दिसायचा. अकरा महिने तिचं जग तेवढंच होतं.

रामकिसन बाहेर आला. गावात त्याला आण्णा म्हणतात. एकदा निवडणूक लढवून पडलेला आणि आता परत उभं राहायच्या तयारीतला माणूस, त्यामुळं वकिलीणबाईला खुर्ची दिली, गोड बोलला. पाणी पण स्वतः घेऊन आला. सून चार दिवस बाजूला बसलीय, म्हणून सगळं मलाच बघावं लागतंय, असं कुरकुरत त्यानं तांब्या ठेवला. तो सोमवारपासून बाहेरगावी होता म्हणे, काल रात्री आला. कुठल्या गावी ते त्यानं सांगितलं न्हाई आणि स्वप्नालीनं विचारलं न्हाई.

धाकटा भाऊ शहादेव पण तिथंच होता. तो बीडला राहतो. काल सकाळी ज्वारीचं पोतं न्यायला आलतो, अकराला गेलतो, असं त्यानं सांगितलं. वैनीच्या भांड्याकुंड्याशी माझा काय संबंध, मला काय दुकान टाकायचंय, म्हणून तो एकटाच हसला.

सुरजनं उठायलाच वेळ लावला. काल कुठं होतास विचारल्यावर म्हणाला, दुपारपर्यंत झोपलो, मग दोस्तांसंग बिंदुसरेच्या धरणावर. मायच्या घरात चोरी झाली त्याचं वाईट वाटतं का, असं स्वप्नालीनं विचारलं. तो म्हणाला, "तिनंच लपवली असतील. कोर्टात रडायला काहीतरी पाहिजे ना."

पत्र्यामागं विमलबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

शेवटी वैष्णवी. ती अंगणात लिंबाखाली गोणपाटावर बसली होती, महिन्याची अडचण असली की या घरात सुनेनं तिथंच बसायचं. चार दिवस मी घरातच शिरले न्हाई, मला काय माहीत, कुणी येताना-जाताना दिसलं न्हाई. बोलताना ती मातीवर काडीनं रेघा ओढत होती. दोन वर्षं झाली, सुरजनं तिला माहेरी जाऊ दिलं नव्हतं. मोबाइल पण त्याच्याच खिशात.

स्वप्नाली उठली. जाताना तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की मागच्या कुलपाची दुसरी चावी कुठं असते.

भोकातनं विमलबाईला दिसलं. चौघांनी एकदमच खिळ्याकडं बघितलं होतं.

३

मागच्या खोलीत आल्यावर स्वप्नालीनं काय गेलंय ते एकेक सांगायला लावलं. विमलबाईला वाचता येत न्हाई, सही तेवढी गिरवून शिकलेली. पण भांडं न् भांडं पाठ. आणि ती भांडी आकारानं न्हाई, देणाऱ्यावरनं सांगायची.

"घंगाळ माझ्या थोरल्या भावानं दिल्यालं. कळशी शहादेव भाऊजीच्या सासऱ्यानं. परात किराणावाल्यानं. तीन डबे शेजारच्या गल्लीतल्या बायांनी मिळून. गडू मावशीनं."

"आणि जी राहिली ती?"

राहिलेली लग्नातली होती. चार ताटं सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला वाटलेली, त्यातली उरलेली. दोन पातेली तिनं स्वतः जत्रेतनं घेतलेली.

स्वप्नालीनं हळूच विचारलं, की गेलेली सगळी भांडी कुठल्या कार्यक्रमातली.

विमलबाई बोलायला लागली आणि मधेच थांबली. बीडच्या घराची वास्तुशांत. सगळीच्या सगळी तिथलीच.

आता हे बीडचं घर म्हणजेच सगळं भांडण. विमलबाईनं आठ म्हशी पाळून, पहाटे तीनला उठून, वीस वर्षं बीडला दूध घालून ते उभं केलं. रामकिसन तेव्हा पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहणार होता, नावावर जास्त काही दिसू नये म्हणून त्यानं घर शहादेवच्या नावावर केलं. तेव्हा ती काही बोलली न्हाई, दिराच्या नावावर काय आणि आपल्या नावावर काय. आता कोर्टात रामकिसन शपथेवर सांगत होता की माझ्याकडं पालीचं आज्याचं घर आणि तीन एकर कोरडवाहू, बास. बीडचं घर शहादेवचं, त्यानंच बांधलं दोन हजार सोळा साली. म्हणजे पोटगी पण त्याच हिशोबानं तुटपुंजी, आणि राहायला हीच मागची खोली. पत्र्यामागं, मरेपर्यंत. वास्तुशांतीचे फोटो होते, ते त्यानं फारकतीच्या आधीच बंबात घातले होते. पूजा सांगणारे गुरुजी वारले. गावातलं कुणी आण्णाच्या विरोधात साक्ष द्यायला तयार न्हाई.

स्वप्नाली खाटेवर बसली. "मावशी, त्या भांड्यांवर नावं टाकलेली होती ना? मशीननं, ठिपक्या ठिपक्यांनी?"

"असत्यात की. आहेराच्या भांड्यावर असत्यातच. पर ते वाचतंय कोण? मी तर दिलं कुणी ते ध्यानात ठेवते."

"त्यावर लिहिलेलं असतं, कुणाच्या वास्तुशांतीला, कुठल्या तारखेला. रामकिसन आणि विमल. साल दोन हजार अकरा." पोरीचा आवाज बारीक झाला. "वर्षभर मी तुमच्याकडं कागद मागत होते. पुरावा तुमच्या मांडणीवर होता. तुम्ही त्यात डाळ ठेवत होता."

विमलबाईनं मांडणीकडं बघितलं. वर्षभर तिनं रोज तो पुरावा घासला होता.

"म्हंजी आता गेलं?"

स्वप्नालीनं वही मिटली. पलीकडं रामकिसन फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होता, आणि विमलबाईला पहिल्यांदा वाटलं की तो पत्रा घराला मारलेला न्हाई, आपल्यावरच ठोकलेला हाय.

४

दुपार टळली. पोरगी सकाळपासून उपाशी हाय हे विमलबाईच्या ध्यानात आलं. काही न्हाई तर भाकरी तरी खाऊन जा म्हणाली. कोरड्यास नव्हतं, म्हणून तिनं कोपऱ्यातली लोणच्याची बरणी पुढं ओढली. चिनी मातीची, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि फडक्यावर झाकण म्हणून उपडी घातलेली स्टीलची ताटली. तिनं ताटली उचलून बाजूला ठेवली आणि पळीनं फोड काढायला लागली.

स्वप्नालीनं ताटली उचलली. दारातल्या उजेडात तिरपी धरली. काठाजवळ तेल आणि हळद बसून पिवळी झालेली ठिपक्यांची रांग होती. तिनं नखानं एक अक्षर खरवडलं. मग दुसरं. मग भाकरीचं ताट बाजूला सारलं आणि सगळं एका दमात वाचलं.

"सौ. विमल व श्री. रामकिसन यांस, बीड येथील नवीन घराच्या वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट. दूध उत्पादक महिला गट, पाली. आठ मे दोन हजार अकरा."

विमलबाईच्या हातातनं पळी बरणीत पडली.

"ही कशी राहिली?" असं ती पुटपुटली. आणि सवाल तोच होता. माळ्यावरचं घंगाळ ज्यानं सोडलं न्हाई, त्यानं डोळ्यासमोरची ताटली कावून सोडली?

स्वप्नाली बोटावर मोजायला लागली. चोराला कुठल्या भांड्यावर काय लिहिलंय ते आधीच पाठ होतं, एकही चुकीचं उचललं न्हाई. म्हणजे ही भांडी वर्षानुवर्षं घासणारं कुणीतरी, आणि वाचता येणारं. डाळ, दही नीट काढून झाकलं. चोरीच्या घाईत सुरज किंवा शहादेव हे करतील का? डाळ जमिनीवर ओतली असती. राहिली लोणच्याची ताटली. ती उचलायला बरणीला हात लावावा लागतो. एखाद्या गड्याला त्याचं काय? त्यानं ओढली असती. पण या घरात एक माणूस असं हाय, ज्याला लोणच्याला शिवायची मनाई होती.

"आज मला पाणी तुमच्या मालकांनी दिलं," स्वप्नाली म्हणाली. "सून बाजूला बसलीय म्हणून."

विमलबाईला सगळं कळलं. अडचणीच्या दिवसांत लोणच्याला हात लावला तर लोणचं नासतं. हे वैष्णवीला शिकवलं कुणी? तिनंच. लग्न होऊन आली तेव्हा कैऱ्या फोडायला बसवून, शेजारी बसवून, तिनंच शिकवलं होतं.

"बघा की," ती म्हणाली, आणि तिला हसू येतंय का रडू, तिचं तिलाच कळंना. "सासूचं घर फोडायला भ्याली न्हाई. लोणचं नासंल म्हणून भ्याली."

ती उठली ती थेट पत्र्याकडं. स्वप्नालीनं तिचा हात धरला. आज तोंड उघडलं तर ही ताटली पण रातोरात जाईल. शुक्रवारपर्यंत एक शब्द न्हाई. आणि कोर्टात पण नाव घ्यायचं न्हाई, चोर कोण हे आपल्याला नकोय, घर कुणाचं तेवढं पाहिजे. तिनं ताटली ओढणीत गुंडाळून स्कूटीच्या डिकीत टाकली.

दोन दिवस विमलबाई पत्र्याच्या अलीकडं दात दाबून बसली. पलीकडं वैष्णवीचा आवाज आला की तिला वाटायचं, पोरी, तुला मी माझ्या हातानं वाढलं होतं.

५

शुक्रवारी शहादेवनं कोर्टात छाती काढून सांगितलं की घर माझं. सोळा साली बांधलं. वास्तुशांतीला पाटावर मी आणि माझी बायको बसलो.

स्वप्नालीनं ताटली साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेबांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग शहादेवला विचारलं, की अकरा साली बीडमध्ये तुमच्या भावाचं दुसरं कुठलं नवीन घर होतं. शहादेवनं भावाकडं बघितलं. भावानं खिडकीकडं बघितलं. समोरच्या वकिलानं हे भांडं कालच कोरून आणलं असंल म्हणायला तोंड उघडलं, पण हळद-तेलानं भरलेली ती अक्षरं बघून त्यानं दुसराच सवाल केला. हे आलं कुठून?

विमलबाईला एक नाव घेता आलं असतं. जिभेवर होतं.

"माझ्याच घरात होतं," ती म्हणाली.

समोरच्या वकिलानं दहा मिनिटं मागितली. बाहेर व्हरांड्यात त्यानं रामकिसनला काय सांगितलं ते ऐकायला आलं न्हाई, पण अंदाज सोपा होता. निवडणुकीच्या अर्जासोबत आण्णानं शपथेवर लिहून दिलं होतं की मला बीडमध्ये घर न्हाई. ते खोटं निघालं तर पोटगीचं सोडा, पुढचं तिकीटच गेलं. दहा मिनिटांनी आण्णा आत आला तेव्हा त्याला तडजोड पाहिजे होती. बीडचं घर विमलबाईच्या नावावर, आणि महिन्याची पोटगी तिनं मागितली होती तेवढी. शहादेव सह्या करताना एकदा पण वर बघत नव्हता.

कागद व्हायला आणि शहादेवनं बीडचं घर रिकामं करायला महिना गेला. तो महिना पण तिनं पत्र्यामागंच काढला.

६

निघायच्या दिवशी गावातल्या पप्पूचा टेंपो दारात लागला. गल्लीतल्या बाया जमल्या. आण्णाच्या विरोधात साक्षीला एक आली नव्हती, पण निरोपाला सगळ्या आल्या. रामकिसन पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, चार माणसांत दिलदार दिसायला. सुरजला त्यानं खाट उचलायला लावलं आणि सुनेला बारीकसारीक द्यायला पाठवलं.

वैष्णवी मागच्या खोलीत आली. दोघीच. विमलबाई गोधडी बांधत होती. महिनाभर आवळून धरलेलं शेवटी सुटलंच.

"कुठं नेऊन टाकलीस गं माझी भांडी?"

"विहिरीत," वैष्णवी म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "मामांनी रात्री आल्यावर पोत्यात भरून टाकली. मी आधी काढून ठेवलीती."

"लोणचं तेवढं वाचवलंस."

वैष्णवीनं दाराकडं बघितलं. मग गोधडीचं दुसरं टोक धरून खाली बसली, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला काम करतेय असं दिसावं.

"आत्या, माझी अडचण सोमवारीच सरलीती. मंगळवारी मला काई शिवायची मनाई नव्हती."

विमलबाईचे हात थांबले.

"मी सांगितलंच न्हाई कुणाला. घरात कोण मोजतंय? बुधवारपर्यंत गोणपाटावर बसून राहिले. मामा म्हणले होते, नाव टाकलेलं एक पण ठेवायचं न्हाई. ठेवलं असतं तर ह्यांनी मला जित्ती ठेवली नसती. मग म्हणलं, एक भांडं असं पाहिजे की का राहिलं म्हणून विचारलं तर मला उत्तर देता येईल."

"विचारलं त्यांनी?"

"शुक्रवारी कोर्टातनं आल्या आल्या. लई चिडलेले. मी म्हणलं, मला अडचण होती, लोणच्याला हात कसा लावू. मामा खाली मान घालून आत गेले. हे पण. त्यावर गड्यांना काई बोलता येत न्हाई, आत्या."

बाहेरून सुरजनं हाक मारली, काय करतेय एवढा वेळ. वैष्णवी उठली, गोधडी डोक्यावर घेतली आणि गेली. तिच्या दंडावर जुनी झालेली हिरवट खूण होती. विमलबाई तिथंच उकिडवी बसून राहिली. खोलीत आता फक्त चुलीचा काळा डाग आणि पत्रा उरला होता. पत्र्याच्या या बाजूनं ती आज सुटत होती.

टेंपो भरला. पप्पूनं विचारलं, "मावशी, निघायचं ना?"

"थांब जरा."

ती गोठ्यातनं फिरून पुढच्या दारी आली. अकरा महिन्यांनी, नव्हे, आता बारा झाले होते. ओट्याच्या पायरीशी उभी राहिली. बाया तिच्याकडं वळल्या. तिनं पदर डोक्यावर नीट घेतला, रामकिसनला त्याच्या नावानं न्हाई, नेहमी जशी बोलायची तशीच बोलली, पण मोठ्यानं, गल्लीतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असं.

"सुरजचे वडील, एक अडलंय. बंद घर उघडायचं म्हंजी पहिली चूल सवाष्णीनं पेटवाय लागती, दूध उतू घालाय लागतंय. मी तर आता सवाष्ण राहिले न्हाई. तुमीच तसं कोर्टातनं लिहून आणलंय. घरातली सवाष्ण एकच हाय. वैष्णवीला पाठवा."

रामकिसननं सुरजकडं बघितलं. सुरज काहीतरी बोलणार, तेवढ्यात मागच्या एका म्हातारीनं हां हां म्हणून मान हलवली. दुसरी म्हणाली, बरोबर हाय की, असं कसं उघडायचं घर. एवढ्या मतांसमोर आण्णाला रीत मोडता येत नव्हती.

"आठ दिवसांत माघारी येऊ दे," तो म्हणाला.

विमलबाईनं त्याला हो म्हणलं न्हाई आणि न्हाई पण म्हणलं न्हाई. ती टेंपोकडं वळली.

वैष्णवी आधीच पप्पूच्या शेजारी चढून बसली होती. पायात चप्पल नव्हती, हातात पिशवी नव्हती. विमलबाई म्हणाली, चार कपडे तरी घे. तिनं नुसती मान हलवली. आत परत जायला ती तयार नव्हती.